पिसारा तारतो की मारतो?

‘उत्क्रांतीत जे गुण टिकतात ते जातीच्या भल्याचेच असतात,’ असे वाक्य आपण उत्तरपत्रिकेत सहज लिहून जातो. माझ्या मते हे वाक्य खोडायला हवे.

मोराचा पिसारा घ्या. शत्रूपासून पळताना त्याची अडचणच होते. मग तो टिकला कसा? लांडोरी देखण्या पिसाऱ्याचा नर पसंत करतात म्हणून, असे उत्तर चार्ल्स डार्विनने दिले. १८७१ साली त्याने ही ‘लैंगिक निवडी’ची कल्पना सविस्तर मांडली. अशा गुणामुळे त्या नराला संतती अधिक मिळते. परंतु साऱ्या जातीचे काय होते?

इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी पिठात होणाऱ्या तांबूस भुंगेऱ्यांवर सहा-सात वर्षे प्रयोग केला. काही गटांत मादीसाठी नरांची चुरस ठेवली, तर काहींत चुरस जवळजवळ नव्हतीच. पुढे दोन्हींच्या वंशजांत पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचाच संकर घडवला. चुरस नसलेले सर्व वंश दहाव्या पिढीपर्यंत संपले. चुरशीतून आलेले काही वंश वीस पिढ्यांनंतरही तगून होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. चुरशीत दुबळे नर मागे पडतात आणि त्यांच्याबरोबर सदोष जनुकेही गळतात, असा त्याचा अर्थ.

आता उलट बाजू पाहा. ऑस्ट्रॅकोड हे दुहेरी कवचाचे चिमुकले जलचर. अमेरिकेतील क्रेटेशियस काळातल्या खडकांतून त्यांच्या ९३ जातींचे जीवाश्म अभ्यासले गेले. प्रजननाच्या अवयवांसाठी ज्या जातींत नरांचे कवच मादीपेक्षा फारच मोठे व लांबट झाले होते, त्या जाती नामशेष होण्याचा वेग इतरांच्या सुमारे दहापट असल्याचे २०१८ साली दिसून आले.

या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. प्रयोगशाळेत पीठ भरपूर, हवामान ठरावीक. तिथे चुरशीचा खर्च परवडतो. निसर्गात अन्न आटते, हवा पालटते. सारी मिळकत लग्नाच्या थाटावर उधळणाऱ्या घराला दुष्काळ जड जातो, तसेच इथे होत असावे.

निवड आजच्या पिढीत कोणाला किती पिल्ले झाली एवढेच मोजते. उद्याच्या संकटाचा हिशेब तिच्यापाशी नसतो. म्हणून शिक्षकांना विनंती, की एखादा गुण ‘उपयोगी’ आहे असे विद्यार्थ्याने म्हटले, तर लगेच विचारावे: कोणाला, आणि कोणत्या परिस्थितीत?