केशरोपण आणि घरची शुश्रूषा

सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांतूनहि अलीकडे केशरोपणाची शस्त्रक्रिया करून घेणारे तरुण आढळूं लागले आहेत. टकलासाठीं इतका खटाटोप करावा कीं करूं नये, हा वाद आम्ही येथें मांडीत नाहीं. आम्हांस बोलावयाचें आहे तें शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयीं. शस्त्रक्रिया बहुधा एका दिवसांत आटोपते. तिचें फळ मात्र वर्षानें हातीं येतें. आणि त्या वर्षांतील सर्वांत नाजूक असे पहिले दहा दिवस रोगी शस्त्रवैद्याजवळ नसतो, तो आपल्या घरीं असतो. म्हणून हें प्रकरण त्या एकट्याचें न राहतां सर्व घराचें होतें.

या शस्त्रक्रियेनें नवे केस निर्माण होत नाहींत. डोक्याच्या मागील बाजूचे केस बहुधा टिकाऊ असतात. तेच मुळासकट काढून पुढें रोवतात. कांहीं शस्त्रवैद्य मागील कातडीची अरुंद पट्टी काढून घेऊन टांके घालतात, तर कांहीं सुमारें एक मिलिमीटर व्यासाच्या किंवा त्याहूनहि बारीक हत्यारानें एकेक मूळ वेगळें काढतात. जागा बदलली तरी मूळ आपला गुण सोडीत नाहीं, हें न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें. जावळी-पाटणकडील भातलावणी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ही गोष्ट सहज समजेल. रोप नव्या चिखलांत लावलें कीं प्रथम मान टाकतें. मुळें धरलीं म्हणजे उभें राहतें. मधल्या काळांत त्यास कोणीं हात लावावयाचा नसतो.

एके ठिकाणचें जिवंत कातडें दुसरीकडे बसविण्याची विद्या आमच्या प्रांतास नवी नाहीं. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत पुण्याकडील अशाच एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापून आला होता. इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी हा टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात तोडण्यांत आला. पुढें सुमारें वर्षभरानें, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाचें कातडें खालीं वळवून त्यास नवें नाक बसविलें. टांक्यांऐवजीं काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. अशा रोग्यास पांच-सहा दिवस उताणें निजवीत, दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत, आणि कपाळाशीं जोडलेला कातड्याचा दुवा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तोडीत, असें त्या वृत्तांतांत सांगितलें आहे. कारागिराच्या हाताइतकेंच रोग्याचें पथ्य महत्त्वाचें, ही जाणीव त्या काळींहि होती.

आतां घरांतील व्यवस्थेकडे वळूं. शस्त्रक्रिया पुण्यास झाली असेल, तर तेथून सातारा सुमारें ११० व सांगली सुमारें २३० किलोमीटर आहे. त्याच रात्रीं एस्. टी. च्या गाडीनें धक्के खात परतण्याची घाई करूं नये. पुण्यांत नातलग असतातच; एक-दोन रात्री तेथें काढाव्या व पहिली तपासणी उरकून निघावें. निजतांना पहिले कांहीं दिवस उशा रचून डोकें उंच ठेवावें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कपाळ व पापण्या सुजतात. डोक्यांत टोंचलेलें पाणी व औषध खालीं उतरतें म्हणून ही सूज येते व चार-पांच दिवसांत ओसरते. तिला चोळूं नये, शेकूं नये, आणि "डोळे गेले!" म्हणून आकांतहि करूं नये.

रोवलेलीं मुळें घट्ट धरण्यास नऊ-दहा दिवस लागतात. तोंवर धक्का, घासणें व ओढणें हे तीन शत्रु होत. साताऱ्याच्या जुन्या वाड्यांतील ठेंगण्या चौकटींशीं उंच माणसाचें वैर ठाऊकच आहे. तेथें दहा दिवसांपुरती एखादी रंगीत चिंधी लोंबती बांधावी. गळ्यांतून घालावयाचे कपडे नकोत, पुढून गुंड्यांचा सदरा बरा. काका दिसले कीं खांद्यावर चढून केस धरणारीं मुलें घरांत असतात. त्यांस आधींच समजावून ठेवावें. डोक्यावर पाणी घालणें शस्त्रवैद्य सांगेल त्या दिवसापासूनच सुरू करावें, व तेंहि तांब्यानें, हळू, न चोळतां. खपल्या साधारणतः सात ते चौदा दिवसांत आपण होऊन पडतात. खाज सुटते, पण नख लावावयाचें नाहीं.

आमच्या वडीलधाऱ्या भगिनींस एक विनंती आहे. जखम दिसली कीं हळद आठवावी, हें सांगलीसारख्या हळदीच्या पेठेच्या मुलखांत स्वाभाविकच आहे. परंतु येथें हळद, खोबरेल किंवा कोरफड यांपैकीं कांहींहि शस्त्रवैद्यास विचारल्यावांचून लावूं नये. दिवाळीचें अभ्यंगस्नान मध्येंच आलें, तर त्या वर्षीं अंगास तेल लावावें व डोकें सोडावें. माहुलीच्या संगमावर किंवा सांगलीच्या घाटावर कृष्णेंत बुडी मारणें निदान महिनाभर तहकूब ठेवावें. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं ज्या सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, ते आरोग्यास उत्तम खरे. पण वांकल्यानें रक्त डोक्याकडे धांवतें, म्हणून दोन-तीन आठवडे त्यांसहि सुट्टी द्यावी. साष्टांग नमस्काराऐवजीं हात जोडले तरी देव रागावत नाहीं. तंबाखू, मग ती विडींतील असो, मिश्रीची असो कीं तपकिरीची, रक्तवाहिन्या आंकुंचित करते; ती पूर्ण वर्ज्य. सांगलीच्या वैशाखांतील उन्हापासून डोकें जपावें. हेल्मेट केव्हां घालावयाचें तें शस्त्रवैद्यास विचारावें, व तोंवर दुचाकी चालवूंच नये.

यापुढील काळ शरीरापेक्षां मनास अधिक कठीण जातो. दुसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत रोवलेले बहुतेक केस गळून पडतात. मूळ आंत शाबूत असतें. वरचा केस तेवढा जातो. हें ठाऊक नसलेला तरुण हाय खातो, आणि घरांतून "पैसे पाण्यांत गेले" असा शेरा निघाला म्हणजे तो कोणापाशीं बोलत नाहींसा होतो. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत उगवूं लागतात, सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसण्याजोगे होतात, आणि खरा परिणाम वर्षानें कळतो. टाळूवर त्याहूनहि कांहीं महिने अधिक लागतात. म्हणून रोज "पाहूं, आले का?" असें विचारूं नये. लग्नाच्या बोलणीसाठीं ही शस्त्रक्रिया केली असेल, तर तीन महिन्यांनीं छायाचित्र काढून पाठविण्याची घाईहि करूं नये. कित्येक तरुण ही गोष्ट घरापासून लपवितात व टोपीखालीं जखम चिघळूं देतात. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, घरांतील निदान एका वडील माणसास विश्वासांत घ्यावें. आणि त्या वडील माणसानें उपदेश वर्षभर मागें ठेवावा.

रोवलेले केस टिकले तरी आसपासचे मूळचे केस विरळ होतच राहतात. त्यासाठीं कित्येकदां औषधें चालू ठेवावीं लागतात. त्यांपैकीं फिनास्टराइड या गोळीविषयीं घरांत सर्वांस माहिती हवी. गर्भवती स्त्रीनें फुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळूं नये. पोटांतील मुलग्याच्या वाढीस त्यापासून अपाय होण्याचा संभव असतो. ती गोळी घरच्या औषधांच्या डब्यांत इतर गोळ्यांबरोबर ठेवूं नये.

आतां भयाची खूण. २०१९ च्या मार्चमध्यें मुंबईंत एक व्यापारी केशरोपणानंतर सुमारें दोन दिवसांनीं मरण पावला. त्याचा चेहरा व घसा सुजून श्वास घेणें कठीण झालें होतें, आणि औषधाची तीव्र विपरीत प्रतिक्रिया झाली असावी, असा संशय तेव्हां व्यक्त झाला. असे प्रसंग विरळा. परंतु साधी सूज कोणती व घातकी कोणती, हें घरांतील प्रत्येकास कळलें पाहिजे. कपाळ व पापण्यांची सावकाश येणारी सूज ती साधी. जीभ किंवा घसा सुजणें, धाप लागणें, अंगावर गांधी उठणें, घेरी येणें, हीं दिसतांच पुण्यास दूरध्वनि करीत बसूं नये. तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी अथवा जवळचें मोठें रुग्णालय गांठावें. डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडल्यापासून मिरजेची ख्याति आहे. कऱ्हाडास व साताऱ्यासहि सोय आहे. ताप, पू, दुर्गंधि, वाढती लाली किंवा कातडी काळी पडणें हीं दिसलीं तर त्याच दिवशीं शस्त्रवैद्यास कळवावें.

आणि शस्त्रवैद्य तरी कोण, हें आधींच पाहावें. राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, ही शस्त्रक्रिया रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरानेंच करावी, व तातडीच्या प्रसंगास लागणारी सिद्धता तेथें असावी. चित्रफिती पाहून मिळविलेलें ज्ञान पुरेसें नाहीं. जाहिरातींतील किंमत पाहण्यापूर्वीं, "रात्रीं त्रास झाला तर दूरध्वनि कोण उचलील?" हा प्रश्न विचारावा. ज्यास याचें नीट उत्तर देतां येत नाहीं, त्याच्या हातीं आपल्या मुलाचें डोकें देऊं नये. उत्तर मिळालें, तर तो क्रमांक जाड अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा. घरांत दिवसभर कोणी ना कोणी तेथें असतेंच.