बांधावरची नोंद आणि जगाचा बाजार



साखरेचा भाव पूर्वी गोदामातल्या पोत्यांवर ठरायचा. आता तो बराचसा माहितीवर ठरतो, असे आमचे मत आहे. न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचे वायदे माणसे ओरडून करीत. २००८ साली ती आरोळी थांबली आणि वायदे संगणकावर गेले. आज तिथला व्यापारी खुर्चीत बसून उपग्रहाची छायाचित्रे, आपल्याकडचा पाऊस आणि ब्राझीलच्या गाळपाचे पंधरवड्याचे आकडे पाहतो आणि सौदा करतो.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. ऊस माना टाकत होता आणि ती खबर तिकडे पोचली होती. नोव्हेंबरात तिथला भाव १२ वर्षांतल्या उच्चांकाला गेला. निर्यातीवर बंधन असल्याने आपल्या पदरात काही पडले नाही. उलट साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभराने ती थोडी सैल झाली. पण हंगाम संपला तेव्हा राज्यात साखर सुरुवातीच्या अंदाजापेक्षा जास्तच निघाली! चुकलेल्या अंदाजाची किंमत कारखान्यांनी, म्हणजे त्यांच्या मालक सभासदांनीच मोजली.

उपग्रहाला शेताचा हिरवेपणा दिसतो. कांडी किती भरली, लागण की खोडवा, जात कोणती, हे बांधावरच कळते. मग आपल्या नोंदी कशा आहेत? कोणी तोड लवकर मिळावी म्हणून लागणीची तारीख मागे ढकलतो. कोणी एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवतो. आणि आमच्या शेतकी खात्यातली माणसेही कधी कधी बांध न बघता, पारावर बसून वही भरतात. हे आम्ही कबूल करतो. अशा आकड्यांची बेरीज संगणकाने केली म्हणून ती खरी होत नाही.

आता मोबाईल घेऊन शेताभोवती फिरले की क्षेत्र मोजता येते. तेव्हा नोंदीच्या वेळी सभासदाने स्वतः बांधावर हजर राहावे, खरी तारीख सांगावी आणि नोंदीची पावती मागून घ्यावी. प्रत्येक गट ऑफिसात एकूण नोंदीचा तक्ता लावावा, असे आम्हास वाटते. तो लावण्याची जबाबदारी आमची.

वजनकाट्यावर नजर ठेवायला आपण केव्हाच शिकलो. आता नोंदवहीवरही ठेवू या.