पनवेलचे अंदाजपत्रक आपण कधी वाचणार?

पनवेलची नगरपरिषद 1852 सालची. राज्यातील सर्वात जुन्या नगरपालिकांपैकी एक. 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिची महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातील पहिली. जुन्या शहराला खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सिडकोने वसवलेले भाग आणि 29 गावे जोडली गेली. एका रात्रीत शहर कितीतरी पटींनी वाढले. पण रस्ते, गटारे, कचरा, दिवे यांचा खर्च भागवायचा कशातून?

जकात केव्हाच गेली. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि महापालिकांच्या हाती राज्य सरकारकडून येणारी भरपाई राहिली. तो पैसा मुंबईहून येतो, त्यावर स्थानिक सभागृहाचा ताबा नाही. स्वतःच्या हक्काचे मोठे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, आणि पनवेलमध्ये नेमके तिथेच घोडे अडले. 2021 मध्ये बिले आली ती 2016 पासूनच्या थकबाकीसह. सिडको वसाहतींतील रहिवासी म्हणाले, त्या काळात आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरत होतो, मग एकाच सेवेचे पैसे दोनदा का? वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. पाच वर्षांची बिले एकदम हातात ठेवणे हा प्रशासनाचाच दोष. पण शास्ती चढत गेली आणि वसुली अडकली, हेही तितकेच खरे.

आपले बरेच कार्यकर्ते म्हणतात, हा फ्लॅटवाल्यांचा वाद आहे, आपल्या वस्तीचा काय संबंध? इथे मी सहमत नाही. शासनाच्या आदेशांनुसार महापालिकेने दुर्बल घटकांसाठी 5 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी ठेवायचा असतो. समजा, उत्पन्नात 100 कोटींची तूट आली, तर या तिन्ही वाट्यांतून प्रत्येकी 5 कोटी जातात. समाजमंदिर, अभ्यासिका, वस्तीतील शौचालय यांचे पैसे त्यातच असतात.

आणि तरतूद म्हणजे खर्च नव्हे. अंदाजपत्रकात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात. बातमी पहिल्या रकान्याची होते. खरी गोष्ट शेवटच्यात असते.

बाबासाहेबांनी 1925 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो, वरच्या सरकारच्या मर्जीवर खालचे सरकार कसे चालते, हा त्याचा विषय. आपण जयंतीला त्यांना अर्थतज्ज्ञ म्हणतो आणि स्वतःच्या महापालिकेचे अंदाजपत्रक उघडत नाही!

जुलै 2022 मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली. पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली 2023-24 पासूनची तीन अंदाजपत्रके प्रशासकानेच मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली, प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हते. आता आहेत. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला या तीन वर्षांतील दुर्बल घटक निधीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च लेखी विचारा. उत्तर आले नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अर्जात वर्ष, लेखाशीर्ष आणि कामाचे ठिकाण असे तिन्ही मागा, नाहीतर नुसती एकूण रक्कम हातात येते.