कचरा आलाय!

‘कार्ब्युरेटरमधे कचरा आलाय.’ जुनी बाइक रुसली की कुठल्याही गॅरेजमधे हे वाक्य ऐकायला मिळतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. सावध व्हायचं ते पुढच्या वाक्याला, ‘नवीनच टाकून देऊ ना!’

माझ्या मामाच्या राजदूत ३५०च्या बाबतीत अगदी हेच झालं. यामाहाच्या आरडी ३५०चा हा देशी अवतार एस्कॉर्ट्सने १९८३मधे आणला. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि म्हणून कार्ब्युरेटरही दोन. तीन वर्षं ती पार्किंगमधे कव्हरखाली पडून होती. मामाची ऑफर एकदम क्लिअर. दिवाळीपर्यंत सुरू केलीस तर तुझी, नाही तर गिऱ्हाईक तयार आहे! एका गॅरेजवाल्याने डुप्लिकेट सेट सुचवला, अर्ध्या तासात काम फत्ते. नाना पेठेतल्या एका मिस्त्रीकाकांनी मात्र जुने कार्ब्युरेटर उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, ‘‘ताई, ओरिजनल मिकुनी आहेत. बॉडी शाबूत आहे. फेकायचं काय आहे यात?’’

कार्ब्युरेटरचा फंडा तसा सोपा. हवेत पेट्रोल मिसळायचं. किती मिसळायचं ते पितळेचे जेट ठरवतात आणि त्यातल्या छोट्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. गाडी उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे राहतो वार्निशसारखा चिकट थर. त्यात २०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५पर्यंत देशभर पोचलं. इथेनॉल ओल धरून ठेवतं आणि ऐंशीच्या दशकातली रबरं काही त्याचा विचार करून बनवलेली नव्हती. आमच्या वाटीच्या तळाशी तर चक्क पांढरी भुकटी जमली होती.

खोलताना घाई नको. जपानी स्क्रूंची फुली आपल्या नेहमीच्या स्टार स्क्रू ड्रायव्हरपेक्षा जरा वेगळी असते. जबरदस्ती केली की डोकं झिजलंच म्हणून समजा. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवायचं, परत लावताना तेवढाच बाहेर घ्यायचा. क्लीनरमधे बुडवण्याआधी सगळी रबरं आणि पॅकिंग बाहेर, नाही तर ती फुगून बाद होतात. आणि काकांचा एक नियम म्हणजे जेटमधे तार खुपसायची नाही! पितळ मऊ असतं. भोक किंचित जरी मोठं झालं तरी सगळं गणित बोंबललं. रात्रभर भिजवायचं, मग कंप्रेसरची हवा मारायची. जेट उजेडासमोर धरला की स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे.

एवढी कटकट कशाला, असं वाटेल. पण टू-स्ट्रोकमधे हा नुसता मायलेजचा प्रश्न नाही. मेन जेट अर्धवट तुंबला तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त. इंजिन तापतं, पिस्टन फुगून सिलिंडरमधेच जाम होतो आणि मागचं चाक लॉक. ८०च्या स्पीडला हे झालं तर काय होईल याची कल्पना करा. म्हणजे ‘सुरू झाली’ आणि ‘बरी झाली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल २०२०मधे बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या बाइक्स फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे आता शिकणाऱ्या पोरांच्या हाताखालून कार्ब्युरेटर जातच नाहीत. काकांसारख्यांना गाठायचं तर आत्ताच गाठायला हवं.

शेवटचं काम दोघांची जोडी जमवण्याचं. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला पुढे फाटे फुटतात, दोन्ही कार्ब्युरेटरच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. काका दोन्हीकडे एकेक बोट घालतात आणि हळूच मूठ पिळायला सांगतात. गेज वगैरे काही नाही, बोटांनाच कळतं.

तिसऱ्या किकला दोन्ही सिलिंडर बोलले. मामा पार्किंगमधल्या निळ्या धुरात उभा राहून खोकत होता आणि हसत होता. एक चक्कर मारून प्लग काढले. डावा मस्त कॉफी कलरचा, उजवा मात्र अजून जरा पांढरट. म्हणजे तिकडे पेट्रोल थोडं कमीच पोचतंय. येत्या रविवारी उजवा कार्ब्युरेटर पुन्हा खोलायचा आहे. तोवर गाडी सोसायटीच्या गेटबाहेर जाणार नाही, मामाने कितीही गळ घातली तरी!