शत्रू घरात राहायला येतो तेव्हा

दुसऱ्या महायुद्धावरच्या प्रेमकादंबऱ्यांना सध्या तोटा नाही. मुखपृष्ठावर पाठमोरी तरुणी, आकाशात विमानं, आत जिवावर उदार होऊन निरोप पोचवणारी नायिका. लोक त्या रात्र जागवून वाचतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. खटकतं ते हे की त्यांतल्या प्रेमामुळे नायिकेचं काहीच अडत नाही. प्रियकर आपल्या बाजूचा, शत्रू राक्षस. मन आणि कर्तव्य दोन्ही एकाच दिशेला ओढतात. युद्धातल्या प्रेमाचा कस लागतो तो या ओढी एकमेकींविरुद्ध जातात तेव्हा.

इरेन नेमिरोव्हस्कीची ‘स्वीत फ्राँसेझ’ मला म्हणूनच या सगळ्यांच्या वरची वाटते. 1941 मधलं फ्रान्सचं एक जर्मनव्याप्त खेडं. ल्युसीलचा नवरा जर्मनांच्या कैदेत आहे. त्याची शहरात दुसरी बाई होती, हे तिला ठाऊक आहे. घरात ती आणि तिची करारी सासू. तिथं जर्मन लष्कर एका अधिकाऱ्याची राहण्याची सोय करतं. ब्रुनो फॉन फाल्क सभ्य आहे, संगीतात रमणारा आहे, पियानो वाजवतो. सासूला त्याचं तोंड पाहणं नको. ल्युसील मात्र हळूहळू त्याच्या पावलांची चाहूल घेऊ लागते.

एवढ्यावर एक गोड कादंबरी सहज झाली असती. पण गावातला शेतकरी बेनुआ एका जर्मन अधिकाऱ्याला ठार मारतो आणि ल्युसील त्याला याच घरात लपवते. सासू-सुनेचं कधी पटलेलं नाही, तरी या कामात सासू तिच्या पाठीशी उभी राहते. म्हणजे मारेकरी आणि मेलेल्याचा सहकारी एकाच छपराखाली, आणि दोघांच्या मध्ये ती. बेनुआला पॅरिसला पोचवायचं तर प्रवासाचा परवाना हवा. तो ती ब्रुनोकडेच मागते, त्याच्या आपल्यावरच्या जिवाच्या भरवशावर. तो देतो. ही जागा मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. त्या कागदात प्रेम आहे, फसवणूक आहे आणि प्रतिकारही आहे, आणि त्यातलं काहीच दुसऱ्यापासून सोडवून दाखवता येत नाही.

हे लिहिणारी बाई ज्यू होती, कीव्हमध्ये जन्मलेली आणि फ्रेंचमध्ये नावाजलेली. इसी-लेव्हेक या खेड्यात तिनं आसरा घेतला होता. जर्मन सैनिक भोवती वावरत असताना, कागद संपू नये म्हणून अगदी बारीक अक्षरात तिनं हे लिहिलं. पाच भागांचा बेत होता, दोनच हातून झाले. 13 जुलै 1942 ला फ्रेंच पोलिसांनी तिला पकडून नेलं. 17 ऑगस्टला ऑशविट्झमध्ये ती गेली, तेव्हा वय 39. या लिखाणाची वही मुलींनी सुटकेसमध्ये सांभाळली. ती छापली गेली 2004 मध्ये. अशा बाईनं जर्मन अधिकाऱ्याला माणूस म्हणून रंगवावं, हे धैर्य मला बंदूक उचलण्यापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

त्याच काळात ज्याँ ब्रुलेर या चित्रकारानं व्हेरकोर या टोपणनावानं ‘ल सिलाँस द ला मेर’ लिहिली. इथंही घरात शिरलेला जर्मन अधिकारी आहे आणि तोही संगीतकार. काका आणि पुतणी ठरवतात, याच्याशी बोलायचं नाही. तो रोज संध्याकाळी शेकोटीपाशी उभा राहून बोलत राहतो आणि ती हातातल्या कामावरून नजर उचलत नाही. तिचं मन त्याच्याकडे झुकलं आहे हे काकालाही कळतं, पण अबोला सुटत नाही. तो पूर्वेच्या आघाडीवर जायला निघतो तेव्हा निरोपाचा एकच शब्द तिच्या तोंडून येतो. 1942 मध्ये हे पुस्तक चोरून छापलं गेलं, एका वेळी आठ पानं, आणि तेही जर्मन लष्करी रुग्णालयासमोरच्या छापखान्यात.

फ्रान्स मुक्त झाल्यावर शत्रूला सामील झाल्याच्या आरोपावरून सुमारे 20 हजार बायकांचं मुंडन झालं, अनेकींचं भर चौकात. त्यांतल्या कित्येकींचा गुन्हा जर्मन सैनिकाशी जवळीक एवढाच होता. ल्युसील त्या दिवसांत गावात असती तर? बेनुआला तिनं वाचवलं हे कुणी ऐकून घेतलं असतं का? नेमिरोव्हस्कीला ते लिहायला आयुष्य मिळालं नाही.

सुरुवातीला म्हटलेल्या प्रेमकादंबऱ्यांपैकी एक म्हणजे क्रिस्टिन हॅनाची ‘द नाइटिंगेल’. तिची नायिका बेल्जियमच्या आंद्रे द जोंगवरून सुचलेली. विशीतल्या या मुलीनं शंभराहून अधिक माणसांना पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये पोचवलं. पकडल्यावर, माणसं पळवून नेणाऱ्या जाळ्याची मीच प्रमुख, असं तिनं सांगितलं, तर गेस्टापोला ते खरंच वाटेना. तिच्या वडिलांना जर्मनांनी मारलं. ती छळछावणीतून जिवंत परतली आणि पुढे आफ्रिकेत कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिली. कादंबरीनं नायिकेला प्रियकर दिला आहे. मला त्याची गरज वाटली नाही.

मराठीत विरुद्ध ओढींचं हे दुखणं विश्राम बेडेकरांनी 1939 मध्येच, ‘रणांगण’मध्ये ओळखलं होतं. युरोपातून येणाऱ्या बोटीवर चक्रधरची हेर्टाशी गाठ पडते. ती हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी. दोघं प्रेमात पडतात. मुंबई येते, तो उतरतो आणि बोट तिला घेऊन पुढे जाते. कुणी गोळी झाडत नाही, कुणाला लपवावं लागत नाही. तिच्यासाठी जगाशी भांडण मांडण्याचं बळ चक्रधरमध्ये नसतं आणि बेडेकर त्याला त्याची माफी देत नाहीत. युद्धकाळावर प्रेमकथा लिहू पाहणाऱ्या नव्या लेखकांनी ही लहानशी कादंबरी आधी वाचावी, आणि आपल्या नायक-नायिकेपुढे असा प्रश्न ठेवावा ज्याचं कुठलंही उत्तर दिलं तरी त्यांना काहीतरी गमवावं लागेल.