बदली नायकाचा गुन्हा

एखाद्या मालिकेचा नायक लोकांनी एकदा आपला म्हटला की त्याला बाजूला सारून दुसरा नायक पुढे आणण्याचा अधिकार कर्त्याला उरत नाही, आणि त्याने तो हट्टाने बजावलाच, तर बदली आलेल्याने निदान पहिल्याच्या मापाचे असले पाहिजे, असा सिद्धान्त चेन्नईच्या अड्यार भागात राहणाऱ्या एका आक्षेपकाने नुकताच मोठ्या आवेशाने मांडला असून, त्याचा प्रमुख पुरावा म्हणून 'मेटल गिअर सॉलिड 2' या व्हिडिओ गेममधील रायडन या पात्राला त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. आरोप जुना आहे, पाव शतकाइतका जुना. परंतु तो अड्यारमधून यावा यात जी मौज आहे ती आक्षेपकाच्या ध्यानात आलेली दिसत नाही, आणि म्हणूनच त्याचा परामर्श जरा विस्ताराने घेणे प्राप्त आहे.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. 'स्टेल्थ ॲक्शन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात शत्रूवर तुटून पडण्याऐवजी पहारेकऱ्याची नजर चुकवायची, भिंतीला पाठ लावून थांबायचे, पावलाचा आवाज होऊ द्यायचा नाही आणि शक्य तर कोणाच्याही नकळत काम उरकून बाहेर पडायचे असते. जपानच्या कोनामी कंपनीत हिदेओ कोजिमा यांनी 1987 साली एमएसएक्स 2 या संगणकासाठी रचलेल्या 'मेटल गिअर'ने या प्रकाराला आकार दिला आणि 1998 च्या 'मेटल गिअर सॉलिड'ने त्याचा नायक सॉलिड स्नेक याला जगभर नेले. नोव्हेंबर 2001 मध्ये प्लेस्टेशन 2 साठी दुसरा भाग आला तेव्हा खेळाडूंना अर्थातच स्नेक हवा होता, आणि तो त्यांना मिळालाही. पण केवळ पहिल्या प्रकरणापुरता. न्यूयॉर्कच्या पुलावरून तो एका तेलवाहू जहाजावर उतरतो, जहाज बुडते, स्नेक मेला असे जाहीर होते, आणि दोन वर्षांनंतरच्या दुसऱ्या, कितीतरी लांब प्रकरणात बिग शेल या समुद्रातील प्रकल्पावर एक नवा हस्तक पाठवला जातो. रेडिओवर त्यालाही आरंभी स्नेक असेच संबोधतात; मग त्याचे सांकेतिक नाव बदलून रायडन केले जाते, तोंडावरचा मुखवटा निघतो आणि पांढुरक्या लांब केसांचा, नाजूक चेहऱ्याचा एक तरुण समोर येतो. खेळ संपेपर्यंत खेळाडूच्या हाती तोच राहतो.

आक्षेपकाचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: जाहिरातींत स्नेक दाखवून रायडन विकला, ही फसवणूक, रायडन बायकी, रडका आणि नवशिका, म्हणून तो नायक नव्हेच, निर्मात्यांनी पुढे स्वतःच त्याची टिंगल केली आणि नंतर त्याला पार बदलून टाकले, म्हणजे चूक कबूल केली, आणि सर्वांवर कळस म्हणजे, नायकाची जागा ही त्या जागेवर येणाऱ्यापेक्षा मोठी असते, तेव्हा येणाऱ्याने ती भरून दाखवावी, एरवी वाट धरावी.

पहिला आक्षेप वस्तुस्थिती म्हणून खरा आहे. प्रसिद्धीच्या चित्रफितींत, रायडनच्या वाट्याला आलेल्या प्रकल्पावरच्या प्रसंगांतसुद्धा स्नेकच उभा होता. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, आणि ग्राहक या नात्याने त्यांना तो शोभतो. मात्र ग्राहकाची तक्रार आणि समीक्षकाचा निर्णय या दोन गोष्टी एकाच पावतीवर लिहिता येत नाहीत.

'बायकी' या दुसऱ्या आक्षेपाला मराठी वाचकासमोर उत्तर देण्याची वेळ यावी हेच मुळी नवल आहे. ज्या रंगभूमीवर बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूची आणि माळलेल्या गजऱ्याची ढब पाहून घरंदाज स्त्रियांनी आपली राहणी बदलली, त्या रंगभूमीच्या वारसांनी पुरुषाच्या चेहऱ्यावरची कोवळीक हा गुन्हा मानावा, हे विलक्षण आहे. पुढे स्त्रिया स्वतः रंगमंचावर आल्या तेव्हाही असाच गदारोळ झाला. पुरुष नटाने जी स्त्री उभी केली ती प्रत्यक्ष स्त्रीला साधणार नाही, असे गंभीर चेहऱ्याने सांगणारे तेव्हा कमी नव्हते. त्यांची तक्रार कलेविषयी होती असे त्यांना वाटत असे. खरे तर ती सवयीविषयी होती, आणि सवय मोडली की दोष नव्या माणसात शोधायचा ही रीत तेव्हापासून आजतागायत अबाधित चालू आहे.

रायडन नवशिका आहे, हे तर आक्षेपकाने मोठा शोध लावल्यासारखे सांगितले आहे. त्याला प्रत्यक्ष रणांगणाचा अनुभव नाही, स्नेकची जुनी मोहीम त्याने फक्त आभासी प्रशिक्षणात, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या खोट्या परिसरात, पार पाडलेली आहे, आणि तेवढ्या बळावर तो स्वतःला तयार समजतो. आता 1998 चा खेळ घरी दूरचित्रवाणीसमोर बसून पुरा करणाऱ्या खेळाडूने दुसरे काय केले होते? रायडनला हसणारा खेळाडू कोणाला हसत असतो, हे कळण्यासाठी फार मोठ्या व्यासंगाची गरज नाही. शिवाय कथेच्या उत्तरार्धात उघड होते की रणांगण त्याला अपरिचित नव्हतेच. लायबेरियाच्या यादवी युद्धात तो लहान वयात बंदूक हाती दिलेला बालसैनिक होता आणि ती आठवण त्याच्यातून पुसून टाकण्याचा प्रयत्न झालेला होता. आक्षेपकाने बहुधा उत्तरार्ध घाईने उरकला असावा.

निर्मात्यांच्या टिंगलीचा मुद्दा एका परिच्छेदापेक्षा अधिक जागेला पात्र नाही. 2004 च्या तिसऱ्या भागात रायडनसारख्या दिसणाऱ्या एका अधिकाऱ्याची फजिती आहे, 2008 च्या चौथ्या भागात रायडन यांत्रिक शरीराचा तलवारबाज होऊन येतो आणि 2013 मध्ये त्याला स्वतःचा स्वतंत्र खेळ मिळतो, हे सारे खरे; पण ज्याला आपल्या चुकीचा पश्चात्ताप झाला असेल असा कर्ता तीच चूक दुसऱ्यांदा, अधिक मोठ्या प्रमाणावर करत नाही. 2015 च्या 'द फँटम पेन'मध्ये खेळाडूने तासन्‌तास ज्याला दंतकथेतला बिग बॉस समजून चालवले तो प्रत्यक्षात चेहरा बदललेला एक वैद्यकीय सैनिक निघतो. पश्चात्तापाचा हा प्रकार आक्षेपकाने जरूर समजावून सांगावा.

आता उरला तो चौथा मुद्दा, आणि सगळा वाद त्याच्यापाशी आहे. नायकाची जागा मोठी, येणाऱ्याने ती भरावी, हे म्हणणाऱ्याने आपल्या घरापासून फार दूर जाण्याचे कारण नव्हते. अड्यार नदीच्या दक्षिण तीरावर 1882 पासून थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य ठाणे आहे. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असे मानणारी ही संस्था, आणि त्या ज्ञानाचा नवा जगद्गुरू लवकरच मानवी देहात अवतरणार अशी तिच्यातील धुरीणांची विसाव्या शतकाच्या आरंभी श्रद्धा होती. जागा अशी आधी तयार झाली, माणूस मागाहून शोधायचा होता. त्या धुरीणांपैकी चार्ल्स लेडबीटर यांच्या मनात त्या जागेसाठी शिकागोच्या एका थिऑसॉफिस्ट डॉक्टरांचा मुलगा, ह्युबर्ट व्हॅन हूक, होता. तो आईसह अड्यारला आला. पण तोवर, 1909 सालीच, लेडबीटर यांना अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर संस्थेच्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा दिसला होता, ज्याचे अंग किडकिडीत, शाळेतली कीर्ती मठ्ठ आणि मास्तरांच्या छड्यांशी ओळख जुनी होती. तो जिद्दू कृष्णमूर्ती. ह्युबर्ट बाजूला झाला. आक्षेपकाचा नियम लावायचा तर इतिहासातला पहिला अन्याय ह्युबर्टवर झाला आणि कृष्णमूर्ती हेच मुळी बदली नायक ठरतात. पण ह्युबर्टसाठी अश्रू ढाळणारे आक्षेपक अड्यारमध्ये आढळत नाहीत.

यानंतर जे घडले त्याची तुलना रायडनच्या प्रशिक्षणाशी केल्यावाचून राहवत नाही. मुलाचा आहार, कपडे, भाषा, व्यायाम, सोबती, सारे ठरवून दिले गेले. 1911 मध्ये 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' नावाची संघटना उभी राहिली आणि तिच्या प्रमुखपदी तो बसवला गेला. वडील नारायणय्या यांनी मुलाचा ताबा परत मिळवण्यासाठी सोसायटीच्या अध्यक्षा ॲनी बेझंट यांच्यावर दावा लावला, 1913 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला आणि 1914 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. इंग्लंडात हा भावी जगद्गुरू विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होत राहिला. नवशिका, नाजूक, इतरांच्या सूचनांवर चालणारा: आक्षेपकाने रायडनसाठी योजलेले एकही विशेषण येथे बदलावे लागत नाही.

आणि मग 3 ऑगस्ट 1929 रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, तीन हजारांहून अधिक अनुयायांच्या आणि स्वतः बेझंट यांच्या समोर, कृष्णमूर्तींनी ती संघटना विसर्जित केली. जगद्गुरूची जागा त्यांनी चांगली भरली नाही किंवा वाईटही भरली नाही. ती जागाच असता कामा नये असे त्यांनी सांगितले, आणि संघटनेला मिळालेल्या मालमत्ता देणाऱ्यांना परत केल्या. अठरा वर्षे वाट पाहिलेल्या अनुयायांना आपण फसवले गेलो असे वाटले, हे स्वाभाविक होते. त्यांना ज्याची आशा दाखवली गेली होती तो त्यांना मिळाला नाही. त्यांचे दुःख आणि 2001 सालच्या खेळाडूंचे दुःख यांची खोली एक नाही, पण घडण एकच आहे. मुद्दा असा की 1929 नंतरचे कृष्णमूर्ती, म्हणजे 1986 पर्यंत जगभर आणि अड्यारच्याच पलतीरावरील वसंत विहारमध्ये बोलत राहिलेले, कोणाचेही गुरुपद न स्वीकारणारे कृष्णमूर्ती, आज कोणाला ठाऊक आहेत, तर ते जागा नाकारल्यामुळे. ती इमानेइतबारे भरली असती तर शतकभरात अनेक देशांत होऊन गेलेल्या स्वयंघोषित अवतारांच्या यादीत आणखी एका नावाची भर पडली असती. ज्या किनाऱ्यावर आक्षेपक कदाचित रोज फिरायला जात असेल, त्या किनाऱ्याचा हा इतिहास त्याच्या सिद्धान्ताला पुरता प्रतिकूल आहे.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे, कारण आक्षेपक ती उपस्थित करील. रायडनचे बंड कृष्णमूर्तींच्या बंडाइतके निखळ नाही. खेळाच्या शेवटी कळते की बिग शेलवरची सारी घटनामालिका मुद्दाम रचलेली होती, योग्य परिस्थिती लादली तर कोणालाही स्नेक बनवता येते का आणि माणसांना हवे तसे वागवता येते का, याचा तो प्रयोग होता. आणि हे कळल्यानंतरही रायडनला शेवटचे द्वंद्व लढावेच लागते, कारण त्याच्या जिवाशी इतरांचे जीव बांधलेले आहेत. तो आज्ञा पाळूनच मोकळा होतो. पण मोकळा झाल्यावर गळ्यातली ओळखपट्टी, म्हणजे सैनिकाचे नाव कोरलेली धातूची चकती, तो काढून फेकून देतो, आणि स्नेकही त्याला आपल्यासारखे हो असे सांगत नाही. प्रयोगाला हवा होता दुसरा स्नेक; तो मात्र न्यूयॉर्कच्या त्या रस्त्यावर उरलेला नसतो. इतका तरी फरक आक्षेपकाने लक्षात घ्यायला हवा होता.

मंडनाच्या बाजूने सांगण्यासारखे थोडे आहे, पण ते पक्के आहे. शेरलॉक होम्सला वॉटसनच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे तो मोठा दिसतो, तसे स्नेकला बाहेरून पाहता यावे, हा हेतू कोजिमा यांनी स्वतः सांगितलेला आहे. आणि 'प्लिस्किन' या खोट्या नावाने स्नेक जेव्हा रायडनला भेटतो तेव्हा तो खरोखरच पहिल्या भागापेक्षा उंच, थकलेला आणि गूढ वाटतो. दुसरे असे की रेडिओवरून हुकूम देणारा कर्नल माणूस नसून यंत्र आहे हे उघड झाल्यावर तो खेळाडूलाच खेळ बंद करण्यास सांगू लागतो, तेव्हा इतका वेळ आपण कोणाचे ऐकत होतो, हा प्रश्न नायकापाशी न थांबता कंट्रोलर धरलेल्या हातापर्यंत पोहोचतो. स्नेक नायक असता तर हे साधले नसते, कारण स्नेकवर कोणी संशय घेतला नसता. रायडनची प्रेयसी रोझ खेळ जतन करताना उद्या कोणता दिवस आहे ते वारंवार विचारते, आणि ते संवाद कंटाळवाणे होतात, हे खरे; त्यांचा बचाव येथे केलेला नाही.

आक्षेपकाने आपल्या विवेचनात रायडनने फेकलेल्या त्या चकतीचा उल्लेख ओझरता, भाबड्या नाट्यमयतेचा नमुना म्हणून केला आहे. दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी एका संगणकावर खेळाडूला नाव, जन्मतारीख, रक्तगट असा तपशील भरावा लागतो, आणि शेवटी चकतीवर दिसते ते तेच नाव. आक्षेपकाने खेळ खरोखर शेवटपर्यंत खेळला असेल, तर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर रायडनने त्याचेच नाव दूर भिरकावले होते, आणि इतक्या पानांच्या संतापात या एका गोष्टीबद्दल त्याने अवाक्षरही काढलेले नाही.