आधी लिंक, मग ॲप!

घरात कुणाचा छोटा-मोठा धंदा असेल आणि तुम्ही कॉलेजात असाल, तर 'दिवसभर मोबाइलमध्ये असतोस ना, मग आपलं एक ॲप काढ की!' हे वाक्य तुम्ही एकदा तरी ऐकलंच असेल. मामांची आंब्याची बाग असो, आईच्या फराळाच्या ऑर्डरी असोत किंवा काकांचं कपड्यांचं दुकान असो. ॲप आलं म्हणजे धंदा मोठा झाला, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. प्ले स्टोअरवर आपल्या दुकानाचं नाव दिसलं की भारी वाटतं, हे मान्य. पण त्याचे पैसे घरातल्याच कुणाच्या तरी बचतीतून जाणार असतात. आणि सल्ला देणारे तुम्ही असता. म्हणून 'हो, काढूया' म्हणण्याआधी जरा थांबा.

मोठ्यांचं काय झालं ते आधी बघू. 'मिंत्रा'ने मे २०१५मध्ये आपली वेबसाइट बंद केली. कपडे घ्यायचे तर फक्त ॲपवरून! वर्षही उलटलं नाही तोच, फेब्रुवारी २०१६मध्ये त्यांची मोबाइल साइट परत आली आणि जूनमध्ये कॉम्प्युटरवरचीही. 'फ्लिपकार्ट'नेही मोबाइल साइट बंद करून पाहिली होती. नोव्हेंबर २०१५मध्ये त्यांनी 'फ्लिपकार्ट लाइट' आणलं, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी, पण ॲपसारखी चालणारी साइट. जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या कंपन्यांनाही वेबसाइटचं दार पुन्हा उघडावं लागलं. मग आपल्या मामांची काय कथा?

आता त्या मामांचंच उदाहरण घ्या. समजा, बाग देवगडला आहे. हापूसचा मुख्य हंगाम साधारण मार्च ते मे. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीन पेट्या घेणार. तेवढ्यासाठी ते ॲप शोधेल, डाउनलोड करेल, नंबर टाकेल, ओटीपीची वाट बघेल? आणि केलंच एवढं सगळं, तरी जूनमध्ये फोनने 'स्टोरेज फुल' म्हटलं की पहिली गदा याच ॲपवर येणार.

लिंकचं तसं नसतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, कुणा मावशींनी पुढे ढकलली, टॅप केलं की भाव समोर. गुगलवर 'देवगड हापूस' शोधणाऱ्यालाही साइट सापडू शकते. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मामांची त्यात नोंदणी असेल तर तो तपशील साइटवर ठळक लावता येतो. भेसळीच्या जमान्यात गिऱ्हाईक नेमकं तेच बघतं.

खर्चाचं गणितही समजून घ्या. गुगल प्ले स्टोअरची नोंदणी फी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर. पण खरा खर्च पुढेच आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही सांभाळायचे, फोनची सिस्टिम बदलली की ॲपही बदलायचं. गुगलवर नवं वैयक्तिक खातं काढलं, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी सध्या किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे साइटलाही दरवर्षी लागतातच, पण एकच साइट सगळ्या फोनवर चालते.

अट एकच, ती खरंच मोबाइलवर चालायला हवी. कॉम्प्युटरची साइट छोटी करून दाखवणं म्हणजे मोबाइल-फ्रेंडली नव्हे. झूम न करता वाचता यावं, बटण अंगठ्याने दाबता यावं, फोटो हलके असावेत, नंबरवर टॅप केलं की थेट फोन लागावा. साइट तयार झाली की एसटीत बसून, रेंज जेमतेम असताना, साध्या फोनवर उघडून बघा. तिथे उघडली तर पास!

'मग इन्स्टा पेज आहेच की!' असं म्हणाल. जरूर ठेवा. पण ते खातं हॅक झालं किंवा बंद पडलं, तर सगळं गिऱ्हाईक एका रात्रीत गायब. स्वतःचं डोमेन आपल्या हातात राहतं. फक्त ते साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नको, मामांच्या किंवा आईच्या नावावर घ्या.

म्हणजे ॲप कधीच नको का? तसंही नाही. मेसचा डबा लावलेल्यांना रोज 'आज नको', 'आज दोन' कळवायचं असतं. दूधवाल्याचं, जिमचंही तसंच. जिथे गिऱ्हाईक रोज येतं, किंवा लोकेशन, नेट नसतानाचा वापर अशा गोष्टी सतत लागतात, तिथे ॲप कामाला येतं. साधं नोटिफिकेशन तर आता वेबसाइटही पाठवू शकते. २०२३पासून आयफोनवरही, साइट होम स्क्रीनवर ठेवली की ते जमतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरी ॲपचा विषय निघाला, की लॅपटॉप उघडण्याआधी धंद्याची वही उघडा. गेल्या वर्षभरात एकच गिऱ्हाईक किती वेळा आलं, ते मोजा. वर्षातून दोनदा असेल तर साइट करा. रोज असेल, तर मग ॲपचं बोलू.